हातात वस्तरा, मनात भीती

कोपऱ्यावरचा न्हावी म्हणजे बोलण्याचा कारखाना. एका दाढीत दोन लग्नं जुळवायचा, एक मोडायचा. दुकान खोक्याएवढं, पण आत वडिलांच्या वेळची फिरती खुर्ची. पुढेमागे लेक इथेच बायकांचे केस कापेल, हे तो प्रत्येक गिऱ्हाइकाच्या कानात ओतायचा.

पहिली दाढी रोज मामाची. कुणाच्याही आईचा भाऊ नसलेला हा मामा अख्ख्या बाजाराचा मामा होता. आवाज म्हणाल तर लोण्यासारखा. एका सकाळी गालाला साबण, डोळे मिटलेले, आणि मामा म्हणाला, "पोरगी क्लासहून पुलाखालून एकटीच येते ना रे? फार अंधार असतो तिथं. दुकान माझ्या भाच्याला देऊन टाक. मोकळा होशील, तिला आणायला जाता येईल."

बाकावरची दोघं पेपरात तोंड खुपसून बसली. न्हाव्याने उरलेला गाल नीट उरकला, तुरटी फिरवली, खिळ्यावरची किल्ली काढून मामाच्या हातावर ठेवली. वर सवयीने सांगितलंसुद्धा, की कुलूप जरा अडतं, हलक्या हाताने फिरवा.

बायकोने ढकलून चौकीत पाठवलं. हवालदार माणूस हौशी. त्याने समजावून सांगितलं, की भीती घालायची आणि त्या भीतीपोटी माणसाने आपल्या हाताने वस्तू काढून द्यायची, ती खंडणी. किल्ली हाताने दिली, हे जमलं. पण भीती? मामाने तर पोरीची काळजी केली.

"वस्तरा कुणाच्या हातात होता?"

"माझ्या."

"आणि मान?"

"मामांची."

हवालदार इतका हसला, की कपातला चहा बशीत आला. आतल्या दोघा शिपायांना बोलावून त्याने न्हाव्याकडून सगळं पुन्हा वदवून घेतलं. तक्रार खरं तर मामानेच करायला हवी, यावर तिघांचं एकमत झालं. साक्षीदारांपैकी एक पेपर वाचत होता, दुसऱ्याला अचानक कमी ऐकू यायला लागलं होतं.

मामाच्या कानावर संध्याकाळीच गेलं. तो रागावला नाही. भाच्याला कात्री कुठून धरायची तेही ठाऊक नव्हतं, म्हणून न्हाव्याला त्याच दुकानात रोजावर ठेवलं.

लेकीचा क्लास कायमचा सुटला. न्हाव्याचं बोलणंही सुटलं. मामा रोज सकाळी येतो, खुर्चीत मान मागे टाकतो आणि खुशाल घोरायला लागतो. हनुवटीखाली त्याला एक तीळ आहे. न्हावी दोन बोटांनी कातडी ताणतो, श्वास रोखतो आणि तीळ चुकवून हळूच वस्तरा फिरवतो.