गांधीलमाशीच्या मांडीचं माप

शिंपी माणसांची मापं घेतो, सरकारी मोजणीदार जमिनीची. पण गांधीलमाशीच्या मांडीचं माप घेणारा माणूस जुन्नर-आंबेगाव तालुक्यांत एकच होता, आणि तो मंचरला आमच्या समोर राहायचा. नातवंडांनो, तुमच्या आईबाबांनी परदेशी घर केलं, त्याच सुमारास हे सर कॉलेजातून निवृत्त झाले. प्राणिशास्त्र शिकवायचे. घरात ते आणि बरण्या; जेवण आमच्याकडे.

त्यांची गांधीलमाशी जेमतेम मुंगीएवढी. ती हरभऱ्यावरच्या अळीच्या अंगात अंडं घालते आणि तिचं पिल्लू अळीला आतून खाऊन बाहेर पडतं. हे ते नेमकं मी ताट वाढलं की सांगत. नुसत्या लांबीला त्यांच्या लेखी किंमत नव्हती. "लांबी खाण्यावर जाते, प्रमाण बदलत नाही," म्हणत, आणि सूक्ष्मदर्शकाखाली मिशी, पंखाची शीर, मागची मांडी मोजून एकाला दुसऱ्याने भागत. एकदा शेजारच्या मुलीला बघायला पाहुणे आले, तेव्हा नवऱ्यामुलाच्या कानाचं प्रमाण वडिलांशी अजिबात जुळत नाही, हे त्यांनी चहा पितापिता सांगून टाकलं. त्यानंतर आळीत त्यांना फारसं कुणी बोलावीना.

लोणीच्या एका शेतकरीणबाईंच्या वावरात त्यांना जी माशी मिळाली, तिची प्रमाणं कुठल्याच पुस्तकाशी जुळेनात. नवी जात असणार, एवढ्या एका आशेवर त्यांनी सात-आठ वर्षं काढली. दर हिवाळ्यात एसटीने लोणीला जायचं, अळ्या आणायच्या, तोंडाला मलमल बांधलेल्या बरण्यांत पोसायच्या. बाई म्हणायच्या, "सर, लोकं अळी मारायला औषध आणत्यात, अन् तुमी तिला पाला चारता. लई दया तुमची." तरी एक सरी त्यांच्यासाठी फवारणीविना ठेवायच्या.

मग डीएनए आला. सरांनी मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेला मापं धाडली; तिथून कळवलं, मापं उत्तम आहेत. पण नवी जात म्हणायची तर जनुकं तपासायला हवीत. सरांनी होते नव्हते ते सगळे नमुने पाठवले. उत्तर आलं की सगळे फॉर्मॅलिनमधले आहेत, त्यात जनुकं खराब होतात, उपयोग नाही, अल्कोहोलमधले हवेत. तीस वर्षं बेडकापासून सापापर्यंत सगळं फॉर्मॅलिनमध्ये बुडवलेला हात, तो दुसरं काय करणार? आठवडाभर सरांचं दार बंद होतं. मी वेळेवर दाराशी डबा ठेवायची, वेळेवर रिकामा उचलायची. आत जाऊन घटकाभर बसावं, हे मला सुचलं नाही.

पुढच्या हरभऱ्याला बाईंनी आपणहून अळ्या धाडल्या. माश्या निघाल्या, अल्कोहोलमध्ये गेल्या, आणि उन्हाळ्यात पत्र आलं: नवी जात, शंका नाही.

पत्र घेऊन सर आमच्या ओट्यावर आले. मी साखर ठेवली हातावर. ते म्हणाले, "कळवायच्या माणसांची यादी करायला बसलो. तुम्ही, आणि लोणीच्या बाई. पुढे सुचेना."

मी साडी बदलली आणि त्यांच्याबरोबर एसटीत बसले.

बाईंनी पत्र उलटसुलट पाहिलं. "म्हंजी ही माशी आजवर कुणालाच ठावं नव्हती?"

"नाही."

"अन् व्हती मातुर हितंच."

"इथेच."

बाईंनी पत्र घडी घालून परत दिलं. मग म्हणाल्या, "सर, आता तुमचं काम झालं. पर येत जा. अळी नसली तरी येत जा."

सरांना 'हो' म्हणायला इतका वेळ लागला, की तोवर बाई चहा टाकायला आत गेल्या होत्या.