आक्का थोरली झाली ती गोष्ट

आमची आक्का साठी उलटल्यावर माझी थोरली बहीण झाली. त्याआधी पाच-सहा वर्षं ती माझी धाकटी बहीण होती.

घोटाळा असा, की आक्का, म्हणजे साखरबाई, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तिच्या कडेवर बसून मी डाळजची जत्रा पाहिली, तिच्याच हातचा मार खाऊन पाढे पाठ केले. नवरा गेल्यावर ती माहेरी आली आणि घराचा कारभार तिनं हातात घेतला. घर सुखी झालं. फक्त मला कुणी काही विचारायचं बंद झालं. मग एक्याण्णवच्या शिरगणतीला मास्तर दारात आले. मी आपलं खरं ते सांगितलं, पंचावन्न. आक्कानं पदर सारखा केला आणि म्हणाली, "अठ्ठेचाळीस." मास्तरांनी तिच्या कलप लावलेल्या काळ्याभोर केसांकडं पाहिलं आणि लिहून टाकलं.

त्या दिवसापासून चारचौघांत ती मला 'हिंदूदादा' म्हणायला लागली आणि मी तिला 'साखर'. दार लावलं की पुन्हा, "हिंद्या, पाय धू अन् मग आत ये!"

"आक्का, अगं समद्या गावाला म्हाईत हाय."

"गावाला काय बी म्हाईत असतं. सरकारनं लिवलंय न्हवं? मग झालं."

आता माझा नातू ऋषिराज. पोरगं दिसायला राजबिंडं, पण बोलणं नाही, हाक मारली तर वळून बघणं नाही. घरातली पातेली लहान-मोठी लावून ठेवायची आणि कुणी एक हलवलं तर आळी गोळा होईल असं ओरडायचं. बारामतीच्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्या आईला, म्हणजे आमच्या सूनबाईला, राजेश्वरीला समजावून सांगितलं, की हा स्वमग्न आहे, ह्यात तुमची काही चूक नाही.

आक्कानं विचारलं, "म्हंजे आपल्याच नादात?"

"हो, तसंच म्हणा."

"मग ह्याचा पणजा तसाच हुता. त्याला कुणी दवाखान्यात न्हेलं न्हाय, पोलीस पाटील केलं."

ऋषिराजला सगळ्यात प्रिय म्हणजे पोळा. आमच्या घरची रीत अशी, की आधी म्हाताऱ्या सर्ज्याची शिंगं रंगवायची, त्याला गोंडे बांधायचे, पुरणपोळी चारायची, आणि मग वयानं उतरत खोंडापर्यंत यायचं. एका वर्षी माझ्या पोरानं घाईघाईत खोंडाचीच शिंगं आधी रंगवली. ऋषिराजनं असा टाहो फोडला की शेवटी रॉकेलनं रंग पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. तेव्हा तो आयुष्यात पहिल्यांदा स्वच्छ बोलला, "थोरला आधी!"

राजेश्वरी हातातलं ताट टाकून रडायला लागली. पोरगं पहिला शब्द 'आई' न म्हणता बैलाविषयी बोललं, ह्याचं तिला काहीच वाटलं नाही.

मग चहा असो, जेवण असो, सगळीकडं 'थोरला आधी'. थोरला कोण हे त्याला कसं कळायचं? तर दसऱ्याला सोनं देताना कोण कुणाच्या पाया पडतं हे तो टक लावून बघायचा. एकदा बघितलं की डोक्यात कायमचं बसलं.

पुढच्या उन्हाळ्यात पोराला झटके यायला लागले. डोळे वर जायचे, हातपाय ताठ व्हायचे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोक्याला तारा लावून आलेख काढावा लागेल. तो बघितल्याशिवाय नेमकं औषध ठरवता येणार नाही, आणि अंदाजानं औषध द्यायची माझी तयारी नाही. ते मशीन दर गुरुवारी पुण्याहून यायचं आणि त्याच्याबरोबर एक टक्कल पडलेले, सोशिक कुलकर्णी यायचे.

पहिल्या गुरुवारची गंमत सांगत नाही, फक्त निकाल सांगतो. आम्ही चौघांनी पोराला धरलं. माझा अंगठा चावला गेला, कुलकर्ण्यांचा चष्मा खाटेखाली गेला आणि कागदावर एक रेघ उमटली नाही. डॉक्टरीणबाई आल्या आणि आमच्यावरच रागावल्या.

"धरू नका त्याला! पुढच्या वेळी सगळं आधी त्याला बघू द्या, हात लावू द्या. घरी तो कशाला शांत बसतो ते आठवा. तरी नाहीच जमलं तर पुण्याला नेऊन गुंगी द्यावी लागेल, आणि तिथं नंबर लागायला वेळ जाईल."

तेवढ्या वेळात पुन्हा झटका आला तर? जीपमधून घरी जाताना राजेश्वरी तेवढंच म्हणत होती.

दुसऱ्या गुरुवारी बारामतीचा बाजार, म्हणून जीपमध्ये आमच्या आळीची दगडाबाईही चढली. ही बाई म्हणजे गावचं आकाशवाणी केंद्र. बाजाराला जायचं सोडून ती आमच्यामागं दवाखान्यात आली आणि दारात उभी राहिली.

कुलकर्ण्यांनी ह्या वेळी तारा ऋषिराजच्या पुढ्यात ठेवल्या. लाल, पिवळ्या, हिरव्या. शेजारी चिकट मलमाची डबी. पोरानं एकेक तार बोटावर गुंडाळली, सोडली. मग त्याचा चेहरा उजळला. गोंडे! त्यानं आमच्याकडं पाहिलं आणि हुकूम सोडला, "थोरला आधी."

"वा!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कुलकर्णी, आधी मोठ्यांना लावा."

आक्का लगेच पुढं झाली. "हिंदूदादा, तुमी बसा. तुमीच थोरलं."

मी बसलो. कुलकर्ण्यांनी माझ्या कपाळाला मलम फासलं, पहिली तार चिकटवली. ऋषिराजनं ती उपटली. "थोरला आधी!"

"अरं, मीच थोरला हाय!"

पोराचा आवाज चढायला लागला. त्यानं आक्काचा पदर ओढून तिला माझ्यासमोर उभं केलं. आक्का हसत म्हणाली, "मी धाकटी रं, सोन्या."

मग त्यानं काय करावं? माझी मान दोन्ही हातांनी धरली आणि माझं डोकं खाली दाबत दाबत आक्काच्या पावलांवर टेकवलं. दसऱ्याला घरात दार लावून मी टेकवतो अगदी तसंच!

मी खालूनच पाहिलं. दारातली दगडाबाई पायाच्या चवड्यावर उभी राहिली होती.

"दार लावा," आक्का पुटपुटली.

"दाराखालून वायर आलीय, मावशी. दार लागत नाही," कुलकर्णी म्हणाले.

तिकडं ऋषिराज कानांवर हात ठेवून डोलायला लागला. आता तो किंचाळणार आणि हाही गुरुवार वाया जाणार, हे आम्हाला सगळ्यांना कळलं.  राजेश्वरीनं आक्काकडं पाहिलं.

आक्कानं एकदा सुनेकडं पाहिलं, एकदा दाराकडं. मग खुर्चीत दणकन बसली आणि अख्ख्या दवाखान्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "व्हय, मी थोरली हाय! चार वर्सांनी! लावा तारा! अन् दगडे, नीट ऐकलंस का, का पुन्यांदा सांगू?"

"म्हंजे आक्का, आता कितीची झालीस गं?" दगडाबाईनं विचारलं.

"तुज्या सासूच्या लग्नात वाढप केलंय मी. कर हिशोब!"

आक्काला तारा लागल्या, पाठोपाठ मला, मग राजेश्वरीला. ऋषिराजनं कुलकर्ण्यांनाही सोडलं नाही. टकलावर तार फार सुरेख चिकटली. मग पोरगं आपणहून खाटेवर आडवं झालं, सगळ्यात शेवटचं खोंड. आक्काचा पदर मुठीत धरून त्यानं तारा लावून घेतल्या आणि डोळे मिटले. मशीनच्या लेखण्या सरसर चालायला लागल्या आणि कागदावर रेघांचे डोंगर उमटायला लागले. आम्ही भोवती उभे होतो, डोक्यावर तारा लोंबत.

शेवटी पोरानं हात पुढं केला. सजवलेल्या बैलाला पुरणपोळी मिळते, ती हवी होती. आक्कानं फडक्यातली गूळपोळी मोडून आधी स्वतः खाल्ली, मग मला, राजेश्वरीला, कुलकर्ण्यांना आणि शेवटी त्याला दिली. डॉक्टरीणबाईंनी कागद बघून औषध ठरवलं आणि झटके हळूहळू कमी होत गेले.

जीपमध्ये मी नेहमीसारखा ड्रायव्हरशेजारी बसायला गेलो, तर आक्कानं मला मागं ढकललं.

"हिंद्या, मागं बस. थोरली मी हाय."

"अगं, इतकी वर्सं..."

"इतकी वर्सं तू फुडं बसलास. आता मी."

भिगवणच्या स्टँडवर पहिला चहाही तिनंच घेतला.

त्या वर्षीच्या पोळ्याला सर्ज्या धुऊनपुसून दावणीला उभा होता, आळी जमली होती, वाजंत्री दारात होती. ऋषिराजनं लाल गोंडा उचलला, सर्ज्याला ओलांडून पुढं गेला आणि आक्काच्या डोक्यावर बांधायला लागला.

"थोरला आधी," तो म्हणाला.

"बांध बाबा," आक्का खाली वाकत म्हणाली, "पर शिंगं रंगवू नगंस."

सर्ज्या शांतपणे आपल्या पाळीची वाट बघत उभा राहिला.