भरलेला इनबॉक्स

माझे वडील, आबा, जाऊन वर्ष होत आलं. परवा त्यांचं कपाट आवरताना बटणांचा जुना फोन सापडला. त्याला अजून तंबाखूचा वास होता, आणि ती दुपार आठवली.

तेव्हा मी धुळ्याला हॉस्टेलवर होते. सुट्टीत पारोळ्याच्या स्टँडवर उतरले. बोलण्यापुरता बॅलन्स नव्हता, म्हणून आबांना मेसेज केला आणि दोन तास बॅग धरून उभी राहिले. शेवटी रिक्षाने घरी गेले, तर आबा ओट्यावर निवांत बसलेले. त्यांचा फोन पाहिला. इनबॉक्स भरला होता. सगळे मेसेज माझेच: 'पोचले', 'जेवले', 'पेपर बरा गेला'. रागाच्या भरात मी एकेक करून सगळे पुसले.

"बठ्ठा पुशी टाकात का माय?" त्यांनी एवढंच विचारलं.

जागा होताच अडकलेला मेसेज येऊन पडला. आबांनी चष्मा लावून तो सावकाश वाचला. त्यानंतर माझा कुठलाही मेसेज ते वाचून लगेच पुसत. पुढच्याला जागा हवी, म्हणत.

काल फोन चार्ज केला. आत एकच मेसेज आहे. 'स्टँडवर आहे. घ्यायला या.'