रेसच्या गाडीची टाकी आणि मामांची उशी

"सूनबाईचा काटाच हलत न्हाय. टाकी भरल्याली हाय का रिकामी, कळायचं कसं?"

हे मामा, म्हणजे माझे सासरे, गॅरेजच्या पत्र्यापलीकडं यूसुफचाचांना सांगत होते. पत्र्याच्या अलीकडं मी, हातात चहाचा ट्रे! लग्नाला जेमतेम दोन महिने झालेले. चहा दिला आणि गप माघारी आले. गप राहण्याचा एक फायदा असतो, सगळं ऐकायला मिळतं. जळकोटला हायवेवरच्या आमच्या गॅरेजात रोज एक नट हरवतो आणि दोन किस्से सापडतात. नट सगळे मिळून शोधतात. किस्से मी एकटीच उचलून ठेवते.

*

ईट गावचे रणजितदादा द्राक्ष बागायतदार, पण नाद रेसचा. त्यांची स्पोर्ट्स कार दारात आली, तेव्हा एक आजोबा पार गुडघ्यात वाकून बघायला लागले. म्हणाले, "आरं, हिच्यात बसत्यात का हिला अंगात घालत्यात?"

दादांची अडचण एकच होती. लांब पल्ल्याच्या रेसमध्ये मूळची टाकी पुरायची नाही. पेट्रोलला थांबलं की मागचे पुढं जायचे. म्हणून त्यांनी रेसिंग फ्युएल सेल, म्हणजे रेसच्या गाडीची मोठी टाकी, मागवला होता. बाहेरून ॲल्युमिनियमची पेटी आणि आत जाड रबराची पिशवी. धडक बसली तरी सहजासहजी फुटत नाही.

मामांनी पिशवी बोटानं दाबून पाहिली. "एवढी महागाची गाडी, आन् पेट्रोल पखालीत?"

आमचे हे मात्र पेटले होते. सगळ्यांदेखत बोलून बसले, "दादा, रेसमधी ही गाडी एकदा जरी पेट्रोलला थांबली, तर गॅरेजची पाटी उतरवतो!"

पाटी मामांनी स्वतःच्या हातानं रंगवलेली. मामांनी ह्यांच्याकडं असं बघितलं, की स्वयंपाकघराच्या दारात मीच पदर सावरला.

*

दादा गाडी सोडून गेले. ह्यांनी पेटीचं झाकण उघडलं, तर आत पिवळा स्पंज ठासून भरलेला. यूसुफचाचा आमचे वेल्डर, केस पिकलेले, त्यामुळं त्यांचा शब्द शेवटचा.

"पॅकिंग है रे बेटा. टीव्हीके साथ थर्माकोल नै आता क्या? निकाल. पेट्रोल जास्ती बैठेगा!"

स्पंज टाकून देणं आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, पटेना. संध्याकाळपर्यंत त्याची उशी तयार, फुलाफुलांच्या खोळीसकट! दुसऱ्या दिवशी मामा तिच्यावर दुपारचे झोपले आणि उठून जाहीर केलं, "आजवर म्या झोपतच नव्हतो. नुस्ता आडवा व्हत होतो!"

*

डिकीचा पत्रा कापून पेटी बसवली. पेट्रोल भरायच्या दिवशी बघ्यांची ही गर्दी! त्यात एकानं बिडी काढली.

यूसुफचाचा शांतपणे म्हणाले, "पीओ भाई, आरामसे पीओ. पर पहले घर जाके सबकू मिलके आओ."

गर्दी आपोआप हॉटेलाकडं सरकली.

*

सरळ हायवेला गाडी बाणासारखी. तुळजापूरच्या घाटात मात्र टाकी अर्ध्याखाली गेली, की वळणावळणाला आचके! ह्यांनी पंप बदलला, फिल्टर बदलला. आत्याबाईंनी बंपरचं लिंबू बदललं. आचके तेच. रेस अगदी तोंडावर. हे जेवायला बसले आणि भाकरी तशीच टाकून उठले. मामा नुसते पाटीकडं बघत राहिले.

दुपारी मला परंड्याचं माहेर आठवलं. मी पिकअप चालवत पाण्याचे पिंप आणायचे, तेव्हा पाणी हिंदकळू नये, म्हणून आम्ही आत कडुलिंबाच्या डहाळ्या टाकायचो. मग इथंही वळणावर पेट्रोल एका अंगाला पळत असणार आणि पंप नुसती हवा ओढत असणार. ते धरून ठेवणारा स्पंज होता कुठं? मामांच्या मानेखाली. आणि मामा घोरत होते!

झोपलेल्या सासऱ्याच्या मानेखालची उशी कशी काढायची, हे माहेरी कुणी शिकवून पाठवत नाही. मी एका हातानं टॉवेलची घडी सरकवली, दुसऱ्या हातानं उशी ओढली. मामांनी एक डोळा उघडला.

"काय गं?"

मी तिथून निघालेच! खोळ उसवली आणि स्पंज नेऊन डिकीत, पेटीवर ठेवला. ह्यांनी एकदा स्पंजकडं बघितलं, एकदा पेटीकडं. मग फाडकन कपाळावर हात मारला. ऑइलचा पंजा उमटला!

त्या दिवशी घाटात गाडी टाकीच्या तळापर्यंत पळाली. एक आचका नाही.

यूसुफचाचा म्हणाले, "मैं बोला था ना, पॅकिंग है. अच्छी पॅकिंग है."

*

रेस लांब, दक्षिणेत. आम्ही सगळे गॅरेजात, एका मोबाइलभोवती. इंग्रजी कॉमेंट्री कुणाला कळेना, पण पेट्रोलला थांबलेली गाडी सगळ्यांना कळत होती. एकेक गाडी थांबली, की मामा हात हलवून तिला म्हणायचे, "भरा, भरा. निवांत भरा. घाई न्हाय!"

आमची थांबलीच नाही. पहिली आली! मामांनी पाटीला नारळ फोडला. ह्यांनी तीन भाकरी खाल्ल्या.

*

रणजितदादा ट्रॉफी घेऊन थेट गॅरेजात आले. पाटीखाली फोटो झाले, पेढे झाले. मग आमचे हे चारचौघांत म्हणाले, "दादा, आचके मी न्हाय थांबवले. हिनं थांबवले."

सगळ्या माना माझ्याकडं वळल्या.

"मग पहिली चक्कर वहिनींची!" दादांनी डावीकडचं दार उघडलं. "बसा वहिनी, नळदुर्गपर्यंत फिरवून आणतो."

"जा गं, लाजू नको," आत्याबाई म्हणाल्या.

मी पदर खोचला आणि गाडीला वळसा घालून उजवीकडच्या दाराशी गेले.

"दादा, तिकडून तुम्ही बसा. चालवते मी."