अक्षर की ओरखडा

फेब्रुवारीतल्या त्या सकाळी धुकं इतकं दाट होतं, की अबू धाबीतल्या अल रीम बेटावरच्या आमच्या एकविसाव्या मजल्याच्या खिडकीखाली समुद्र आहे, हे केवळ आठवणीनेच सांगता आलं असतं. काचेवर ओल साचली होती, घरभर आल्याच्या चहाचा वास पसरला होता, आणि खिडकीलगतच्या जेवणाच्या टेबलावर बाबा रोजच्यासारखे भिंग घेऊन एका ताम्रपटाच्या छायाचित्रावर वाकले होते. मी कप ठेवला तशी त्यांनी मान वर केली.

"अगं, हे कुणी पुसलं?"

मला वाटलं, फोटोवर पाणी सांडलं असेल. फोटो कोरडा होता. मग त्यांनी स्वतःची वही उघडली, एक पान उलटलं, आणखी एक उलटलं, आणि शेजारचा चहाचा डबा डोळ्यांजवळ नेत, एखाद्या सहकाऱ्याला शंका विचारावी इतक्या शांतपणे म्हणाले, "ही कुठली लिपी गं?" डब्यावरच्या चिठ्ठीत मराठीत 'चहा' लिहिलेलं होतं. पुण्याहून आलेल्या त्या डब्यावरचं अक्षर माझ्या आईचं होतं.

इस्पितळात कळलं, की मेंदूच्या मागच्या भागातल्या एका लहानशा रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती. हात शाबूत, वाणी शाबूत, दृष्टीही जवळजवळ शाबूत. तरुण इजिप्शियन डॉक्टरने कागद पुढे केला; बाबांनी त्यावर झरझर आपलं नाव लिहिलं, आणि त्याखाली, जावातल्या बहुतेक जुन्या लेखांचा ज्या शब्दांनी आरंभ होतो ते 'स्वस्ति शकवर्षातीत', तिथल्या जुन्या कावी लिपीत, एकही वळण न चुकता. डॉक्टरने कागद क्षणभर पालथा घातला आणि पुन्हा त्यांच्यासमोर धरला. बाबा पाहत राहिले. स्वतःचं नावही त्यांना वाचता येईना. "ही कॅन सी, ही कॅन राइट. ओन्ली द रीडिंग इज गॉन," डॉक्टर मला म्हणाला. परत येईल का, असं मी विचारलं, तेव्हा त्याने "इन्शाल्ला", देवाच्या मनात असेल तर, म्हटलं. आणि इतकी वर्षं इथे राहून त्या शब्दाच्या साऱ्या छटा मी ओळखू लागले होते.

ज्या माणसाचं अवघं आयुष्य वाचण्यात गेलं, त्याचं नेमकं वाचणंच जावं! पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत संस्कृत शिकवता शिकवता बाबा जावा बेटावरच्या हजारएक वर्षांपूर्वीच्या लेखांकडे वळले, आणि मग तिथेच रमले. समुद्र ओलांडून गेलेली, ब्राह्मीच्या कुळातली ती गोलसर लिपी. देवळाला शेत दिल्याचे, कर माफ केल्याचे ते साधे दाखले. आणि शेवटी, हे दान मोडणाऱ्याला रानात वाघ खावो, पाण्यात सुसर ओढो, पावसावाचून त्याच्यावर वीज पडो, असे जिवंत शाप. दर दोन-तीन वर्षांनी ते जावाला जात, ओला कागद दगडावर थापून ठसे घेत, आणि दीड महिन्याने कपड्यांना लवंगेचा वास घेऊन परतत. मला त्या वासाचा राग यायचा. माझे वाढदिवस, माझी बारावी, आईची आजारपणं, सगळ्याच्या आड तो वास आलेला होता. 'बाबांचं दगडांचं काम' असं मी हेटाळणीने म्हणायची, आणि त्यातलं एक अक्षरही मी कधी शिकले नाही.

आई गेल्यावर ते आमच्याकडे अबू धाबीला आले. एका बॅगेत कपडे, दुसरीत वह्या. एकच ग्रंथ पुरा व्हायचा राहिला होता: जावातल्या एका खेड्यात, एका कुटुंबाने पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या पाच ताम्रपटांचं वाचन. चार पत्र्यांचं वाचन छपाईसाठी तयार होतं. पाचवा त्यांनी आयुष्यात एकदाच, एका दुपारी पाहिला होता. त्यानंतर ते सगळेच विकले गेले, कुठे ते कुणाला ठाऊक नाही. उरली होती अंधुक छायाचित्रं आणि पेन्सिलीच्या नोंदी, त्याही बाबांच्या स्वतःच्या संक्षेपांत, म्हणजे जगात आता कुणालाच न उलगडणाऱ्या.

इस्पितळातल्या लेबनीज थेरपिस्टने एके दिवशी त्यांना डोळे मिटायला सांगितलं आणि त्यांच्या तळहातावर बोटाने इंग्रजी 'आर' काढला. "आर," बाबा तत्क्षणी म्हणाले. डोळ्यांकडून बंद झालेली वाट हाताकडून उघडी होती. गाडीत बसल्याबरोबर ते म्हणाले, "घरी गेलो की मला कावी काढून दाखव."

"बाबा, मला येत नाही ती."

"येण्याची गरज नाही. दिसतं तसं गिरव. वाचीन मी."

मंदार, माझा नवरा, रास अल खैमाच्या टाइल्सच्या कारखान्यात असतो आणि शनिवार-रविवारीच घरी येतो. मी ऑफिसकडून अर्ध्या दिवसाचं वर्क फ्रॉम होम मागून घेतलं, आणि आमची लेक ईरा शाळेला गेली की आम्ही बसू लागलो. बाबांचा हात माझ्या हातात किती वर्षांनी आला होता, ते मला आठवेना. कोरडा, हलका, वाळक्या पानासारखा. मी फोटो मोठा करून एकेक आकार त्यांच्या तळहातावर गिरवायची. ते डोळे मिटून, श्वास रोखून वाट पाहायचे. "उलटं काढलंस. वरून सुरू कर, हात जसा वळतो तसा." दिवसाला एक ओळ व्हायची, कधी अर्धीच. शाळेतून आलेल्या ईराने एकदा बराच वेळ पाहून विचारलं, "आजोबा, इज इट टिकलिश?" "व्हेरी," बाबा गंभीरपणे म्हणाले.

मार्च असा गेला. धुकं सरलं, खाडीवरचं ऊन पांढरं होत गेलं, आणि आम्ही पाचव्या पत्र्याच्या शेवटी, साक्षीदारांच्या यादीपाशी आलो. तिथे माणसं स्वतःच्या नावाने येत नाहीत, बाबांनी सांगितलं. लेकराच्या नावाने येतात. अमकीचा बाप, तमक्याचा बाप. "तुमच्या शेजारच्या अबू खालिदसारखं, खालिदचा बाप," ते म्हणाले, आणि या योगायोगाचा त्यांना लहान मुलासारखा आनंद झाला.

शेवटच्या ओळीतल्या शेवटच्या नावाशी मात्र फोटो करपल्यासारखा काळा होता. मी जे दिसलं ते गिरवलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. बाबांचा चेहरा उजळला.

"मानिक! आपलंच माणिक गं! माणिकचा बाप!"

फेब्रुवारीनंतर ते पहिल्यांदाच मोठ्याने हसले. जेवतानाही त्याच नावाची तळटीप तोंडी रचत होते; दोनदा भात मागून घेतला. ते दुपारी आडवे झाले असताना मी फोटो पुन्हा उघडला, उजळ केला, तिरका केला. मी गिरवलेली एक रेघ अक्षरापाशी थांबत नव्हती. ती खालच्या कडेपर्यंत सरळ गेली होती. कुणाच्या तरी नखाची असावी, किंवा फावड्याची. ती वगळली तर ते नाव माणिक उरत नव्हतं. काहीच उरत नव्हतं.

गप्प बसता आलं असतं. पत्रा हरवलेला, वह्या मुक्या, साक्षीला कुणी नाही. आणि त्या खोलीत किती तरी आठवड्यांनी एक समाधानी माणूस झोपला होता. चहाच्या वेळी मी सांगितलं.

"अक्षर की ओरखडा?" त्यांनी विचारलं.

"कळत नाही, बाबा. मला खरंच कळत नाही."

त्यांनी हात पुढे केला. मी ती रेघ पुन्हा काढली, या वेळी जशी होती तशी, मनगटापर्यंत. त्यांनी दुसऱ्या हाताच्या बोटाने तीच वाट चाचपली. मग म्हणाले, "त्या दुपारीही मला लागलं नव्हतं ते. उद्या सकाळच्या तिरप्या उन्हात पाहू, म्हणून ठेवलं होतं."

त्या उद्याचं काय झालं, ते मला माहीत होतं. तेव्हा मी पुण्यातच होते, आणि त्याच संध्याकाळी मी त्यांना जावाला फोन केला होता. आईला पहिला झटका आला होता, आणि 'असाल तसे निघा' असं मी रडत, रागावून सांगितलं होतं. ते निघाले होते. त्यांनी त्या फोनचं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही.

"छापताना माणिक नको," ते म्हणाले. "ठिपके दे. गेलेल्या प्रत्येक अक्षराला एक ठिपका, अशी रीत आहे. किती अक्षरांची जागा आहे?"

मी पडद्यावर बोटाने मापलं. दोन असतील, दाटून बसवली तर तीनही. पुन्हा मापलं. खाली रस्त्यावर शाळेच्या बसचा हॉर्न वाजला, उन्हाचा चौकोन टेबलावरून सरकून त्यांच्या उघड्या तळहातावर आला. 'चा बाप' हे शब्द लिहून त्याआधीच्या मोकळ्या जागेत मी दोन ठिपके दिले, आणि तिसऱ्यासाठी उचललेली पेन्सिल तशीच राहिली. बाबा डोळे मिटून उत्तराची वाट पाहत होते. आणि मला उमगत होतं, की जे वाचता येत नाही तेही नेमकं मोजावं लागतं, आणि ते मोजणारं आता माझ्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं.