गेटला बांधलेली दोरी

पाऊस नव्हता, तरी जेसल पार्कच्या त्या गल्लीत घोट्याएवढं पाणी होतं. मी बोट बुडवून जिभेला लावलं. खारट. (हे घरी सांगितलं नाही.) म्हणजे पाणी खाडीचं, आणि तेच अडवायला पंधरा दिवसांपूर्वी इंजिनियर म्हणून मी गेट बसवलं होतं.

गेट म्हणजे काय, ते सांगते. नाला खाडीला मिळतो तिथे आम्ही फ्लॅप गेट लावतो, वरच्या बाजूला बिजागरी असलेली लोखंडी झडप. ओहोटीला नाल्यातलं पाणी तिला ढकलून बाहेर जातं. भरतीला खाडी तिला बाहेरून दाबते आणि ती आपोआप बंद होते. मोटर नाही, माणूस नाही. बिघडण्यासारखं त्यात फारसं काही नसतं.

नाल्यावर गेले तर झडप वर उचलून निळ्या नायलॉनच्या दोरीने रेलिंगला करकचून बांधलेली. माझा पारा चढला.

"हा शहाणपणा कोणी केला?"

"मी केला," मागून आलेल्या सुलभाताई म्हणाल्या. मूळच्या रत्नागिरीच्या, तळमजल्यावर ब्लाउज शिवतात. शिलाईची दोन्ही मशीन त्यांनी पलंगावर चढवली होती. "परवा पाऊस झाला, पाणी उंबऱ्याला लागलं. धावत येऊन बघते तर तुमचं गेट बंद! म्हटलं, हेच तुंबवतंय. ओहोटीला पाणी उतरलं तेव्हा शेजाऱ्यांना घेऊन आले आणि बांधून टाकलं."

"अहो ताई, भरती होती म्हणून ते बंद होतं. बंद म्हणजेच चालू!"

"असेल. मग तेवढा वेळ पावसाचं पाणी जायचं कुठे?"

उत्तर मला माहीत होतं. ते पाणी उपसायला पंप लागतो. ड्रॉइंगमध्ये तो होता, पण आमच्या ऑफिसातल्या सरांनी तो कामाच्या सेकंड फेजमध्ये ढकलला होता. आणि गेट बसलं त्या दिवशी याच बाईंच्या हातचा चहा पिताना मी म्हटलं होतं, "ताई, आता पाणी विसरा." फार लाज वाटली.

सरांना फोन लावला.

"कंप्लेंट वाढतायत," ते म्हणाले. "काढून टाका ते गेट."

"काढलं तर प्रत्येक उधाणाला खाडी यांच्या घरात येईल. पंप द्या, सर."

"सेकंड फेजला बघू."

मी फोन स्पीकरवर टाकून सुलभाताईंच्या पुढे धरला. त्यांनी सरांनाही तोच प्रश्न विचारला. "पाठवतो पंप," सर म्हणाले आणि फोन ठेवला.

ओहोटी लागल्यावर मी दोरी सोडली. गाठ सुटता सुटत नव्हती, नखं तुटली. आठवड्याभरात पंप आला. पुढच्या पावसात भरतीच्या वेळी झडप बंद होती, पंप धडधडत होता आणि सुलभाताई मशीनवर बसून ब्लाउज शिवत होत्या.

रिपोर्टमध्ये गल्लीत पाणी शिरल्याचं कारण लिहायचं होतं. 'रहिवाशांनी छेडछाड केली' हे सोपं होतं, खोटंही नव्हतं. मी लिहिलं, 'इंजिनियरने रहिवाशांना अर्धंच सांगितलं.'

सरांनी ते खोडलं. मी पुन्हा लिहिलं.