जाहिरातीपुरता वेळ

केबल परवडेना म्हणून काढून टाकली. आता मोबाइल टीव्हीला जोडून मालिका बघतो. खिडकीतली काळी वायर तेवढी लोंबकळते आहे.

स्वस्तात भागलं, वर जाहिराती नाहीत, म्हणून मी खूश होतो. पण आईची सगळी संध्याकाळ जाहिरातींवर बेतलेली. एका जाहिरातीत कुकर, दुसरीत कणीक. काल ती बराच वेळ खुर्चीच्या कडेवर टेकून बसली होती.

“आज जाहिराती का लागत नाहीत रे?”

मी मालिका मध्येच थांबवली. “जा, लाव कुकर.”

ती उठेचना. थिजलेल्या चित्राकडे बघत ओशाळून म्हणाली, “माझ्या एकटीसाठी कशाला थांबवलंस सगळं?”

तिच्यासाठी या घरात कधी काही थांबलं होतं, मला आठवेना.

मी मालिका पुन्हा सुरू केली, तेव्हा कुठे ती लगबगीने आत गेली.